इंजिन बदलले, रेडिएटरचे काय?

बदलापूर हे नाव कसे पडले, याची एक गोष्ट आपल्याकडे सांगतात. शिवाजी महाराजांच्या काळात म्हणे इथे घोडी बदलत. दमलेले घोडे ठेवायचे, ताजे घ्यायचे आणि पुढे जायचे. म्हणून गावाचे नाव बदलापूर. गोष्ट खरी असेल किंवा नसेल. पण घोडा बदलण्याचे काम आपल्या भागात आजही चालू आहे. फक्त घोडा लोखंडाचा झाला आहे.

उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथला, कल्याण-बदलापूर रस्त्याच्या कडेला जुन्या पिकअप गाड्या उभ्या दिसतात. गाडीचा सांगाडा चांगला असतो. मागचा हौदा मजबूत असतो. इंजिन मात्र थकलेले असते. नवी गाडी घ्यायला पैसे नसतात. मग मालक ठरवतो की, गाडी तीच ठेवू, इंजिन बदलू. हा विचार वाईट नाही. पण इंजिन बदलताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. ती म्हणजे रेडिएटर. आज आपण त्याचीच माहिती घेऊ.

रेडिएटर म्हणजे काय? गाडीच्या तोंडाशी जाळी असते. तिच्या मागे एक चपटी, जाळीदार पेटी असते. तिलाच रेडिएटर म्हणतात. तिच्यात बारीक चपट्या नळ्या असतात. नळ्यांना पातळ पत्र्याच्या झालरी असतात. इंजिनातून तापलेले पाणी वरच्या रबरी नळीने या पेटीत येते. बारीक नळ्यांतून ते खाली उतरते. पंखा बाहेरची हवा ओढून झालरींमधून काढतो. हवेला उष्णता देऊन पाणी निवते. निवलेले पाणी खालच्या नळीने पुन्हा इंजिनात जाते. तिथे एक पंप असतो. तो पाणी सारखे फिरवतो. म्हणजे पाणी तेच, फेरे मात्र हजार.

नेरळ-माथेरानची छोटी गाडी तुम्ही पाहिली असेल. त्या मार्गावर ‘वॉटर पाईप’ नावाचे स्टेशन आहे. १९०७ साली ही गाडी सुरू झाली, तेव्हा वाफेची इंजिने होती. चढावर त्यांना वाटेत पाणी भरून घ्यावे लागे. त्या इंजिनात पाण्याची वाफ होई, वाफ काम करी आणि धुराड्यातून निघून जाई. तिथे पाणी संपणे हे रोजचेच. आपल्या पिकअपमध्ये तसे नाही. इथे पाणी काम करत नाही, ते फक्त उष्णता वाहून नेते. ते संपायलाच नको. ज्याला दर दोन दिवसांनी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावे लागते, त्याच्या गाडीत काहीतरी बिघाड आहे हे नक्की समजावे.

आता हिशेब पाहू. हिशेबाशिवाय ही गोष्ट पटत नाही.

इंजिनात डिझेल जळते. त्या आगीतून जी शक्ती निघते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाके फिरवतो. एक तृतीयांश धुराबरोबर बाहेर जातो. उरलेला एक तृतीयांश पाण्याला मिळतो, आणि तो रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. एक लिटर डिझेल जळले, तर पाण्याच्या वाट्याला येणारी उष्णता किती? सुमारे चाळीस लिटर थंड पाण्याला उकळी फोडण्याएवढी. म्हणजे दोन-अडीच हंडे पाणी उकळेल. चढावर भरलेली गाडी तासाला आठ-दहा लिटर डिझेल सहज पिते. मग वीस हंडे पाणी उकळवणारी चूल त्या बॉनेटखाली पेटली आहे असे समजा. ही सगळी धग त्या चपट्या पेटीने वाऱ्यावर सोडायची असते. तिचे काम सोपे नाही.

मोठे इंजिन जास्त डिझेल जाळते. आणि मोठे इंजिन बसवले की, आपण माल जास्त भरतो. हे तर माणसाच्या स्वभावातच आहे. म्हणून पेटी मोठी लागते. घोडा बदलला पण पाण्याची डोणी तीच ठेवली, असे करून भागत नाही.

आपल्या राज्यातलेच उदाहरण घ्या. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. त्या जीपला पेट्रोलचे इंजिन होते. पुढे १९७३ नंतर जगात तेलाचे भाव भडकले. तेव्हा पुष्कळ जीपवाल्यांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून डिझेलचे चढवले. नंतर कंपनीने स्वतःच फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या बनावटीचे डिझेल इंजिन घेतले. ते २११२ सीसीचे होते. एम. एम. ५४० जीपमध्ये ते असे. पुढे २००० साली बोलेरो आली, आणि २५२३ सीसीची इंजिने आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसू लागली. सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटाचे माप. २११२ च्या जागी २५२३ म्हणजे पोट जवळजवळ पाचवा हिस्सा वाढले. जुन्या महिंद्रात हे मोठे इंजिन बसवायचे पुष्कळांच्या मनात असते. कंपनी एकच, त्यामुळे वाटते की सगळे आपोआप जुळेल. इंजिन बसतेही. पण जुन्या इंजिनाच्या मापाचा रेडिएटर तिथे तसाच राहतो.

याचे फळ काय, ते ऐका. बदलापूरच्या पलीकडल्या एका खेड्यातले एक गृहस्थ पिकअपवर भाडे मारत. त्यांनी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मोठे इंजिन घेतले. रेडिएटर बदलायचा तर आणखी खर्च. गॅरेजवाला म्हणाला, “चालेल हो, जुनाच ठेवू.” दोन महिने खरेच चालले. पावसाळी हवा होती, आणि फेऱ्या अंबरनाथ ते कल्याण अशा सपाट रस्त्याच्या होत्या. मग चैत्रात उल्हासनगरच्या लोखंडी कपाटांचे भाडे मिळाले. माल मुरबाडवरून माळशेज घाट चढून ओतूरला न्यायचा होता. दुपारची वेळ, हौदा भरलेला, गाडी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये. घाटाच्या मध्यावर बॉनेटमधून वाफ आली. गंमत अशी की, समोरच्या मीटरचा काटा अर्ध्यावरच होता. कारण मीटर जुन्या गाडीचा आणि उष्णता मोजणारा सेन्सर नव्या इंजिनाचा. दोघांची भाषा वेगळी. काटा खोटे बोलत होता. इंजिनाचे हेड वाकले, गॅस्केट उडाले, पाणी ऑईलमध्ये उतरले. ऑईल ताकासारखे पांढरे झाले. पाटल्या सुटायच्या आधीच इंजिन पुन्हा खोलावे लागले. या माणसाने आळस केला नव्हता, की कोणाला फसवले नव्हते. त्याला फक्त कोणी सांगितले नव्हते. म्हणून आम्ही हे इतके लांबण लावून सांगतो आहोत.

तर मग काय करावे?

पहिली गोष्ट हातात पाना घेण्याआधीची आहे. मोटार वाहनांचा १९८८ चा कायदा आहे. त्याचे कलम ५२ सांगते की, गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या गोष्टी मालकाने परस्पर बदलायच्या नाहीत. इंजिनाचा नंबर आर.सी.वर असतो. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी आधी घ्यावी लागते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागाचे आर.टी.ओ. कार्यालय कल्याणला आहे. आपल्या गाड्यांवर एम.एच. ०५ असते ते त्याचेच. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. म्हणून भलत्याच कंपनीचे इंजिन घेण्याच्या भानगडीत पडू नका. त्याच कंपनीचे इंजिन असले तरी आधी विचारा, आणि परवानगी मिळाली तरच पैसे मोजा. परवानगीवाचून गाडीत फेरबदल केला तर दर बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आता कायद्यात आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही हात वर करू शकते. जुने इंजिन विकत घेताना पावती घ्या. पावतीवर इंजिनाचा नंबर लिहून घ्या आणि तो इंजिनावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. आता तुम्हांला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायचे कारण नाही. चोरीच्या गाडीचे इंजिन गळ्यात पडले तर पोलीस तुमच्या दारात येतील.

आता रेडिएटरची निवड. सगळ्यांत बरे म्हणजे, जे इंजिन बसवले ते मूळ ज्या गाडीत होते, त्या गाडीचाच रेडिएटर घ्यावा. कंपनीच्या लोकांनी त्याचा हिशेब आधीच केलेला असतो. तो जागेत बसत नसेल तरच दुसरा शोधावा किंवा कारागिराकडून बनवून घ्यावा.

माप घेताना आतल्या जाळीचे घ्यावे, बाहेरच्या चौकटीचे नव्हे. समजा जुनी जाळी १६ इंच उंच आणि १८ इंच रुंद आहे. १६ गुणिले १८ म्हणजे २८८ चौरस इंच. नवी १८ बाय २० आहे. म्हणजे ३६० चौरस इंच. वाढ झाली ७२ ची, म्हणजे चौथा हिस्सा. वाऱ्याला सामोरी जाणारी जागा चौथ्या हिश्शाने वाढली.

पुष्कळ कारागीर म्हणतात, “रुंदी राहू द्या, जाडी वाढवू. दोन ओळींच्या जागी चार ओळी नळ्या घालू.” यात थोडे तथ्य आहे. पण पूर्ण नाही. पुढच्या ओळीने हवा तापवली की, मागच्या ओळीला तापलेलीच हवा मिळते. पंगतीत शेवटी बसणाऱ्याच्या पानात जसे वाढले जाते, तसे मागच्या ओळीचे होते. शिवाय जाळी जाड झाली की, पंख्याला हवा ओढणे जड जाते. म्हणून आधी लांबी-रुंदी वाढवावी. जागाच नसेल तर मग जाडी.

पितळी-तांब्याचा रेडिएटर घ्यावा की ॲल्युमिनियमचा? दोन्ही चांगले. तांब्या-पितळेचा गळला तर आपल्याकडे झाळून देणारे सहज मिळतात. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण त्याच्या टाक्या बहुधा प्लास्टिकच्या असतात आणि त्या तडकल्या की झाळता येत नाहीत. खेड्यात गाडी चालवणाऱ्याने आम्हांला विचारले तर आम्ही तांब्या-पितळेकडे बोट दाखवू. उल्हासनगरच्या मालावर ‘यू.एस.ए.’ असा शिक्का असतो आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, अशी एक जुनी थट्टा आहे. थट्टा थट्टेच्या जागी. त्या बाजारात अस्सल माल आणि उत्तम कारागीर दोन्ही आहेत. मात्र शिक्का पाहून भुलू नये. पेटीत दाबाची हवा भरून ती पाण्यात बुडवायला सांगावे. बुडबुडे आले की ती गळकी.

बसवताना घाई करू नये. मोठी पेटी मावत नाही म्हणून काही जण चॅसिसचा आडवा दांडा कापतात. तसे मुळीच करू नका. तो दांडा गाडीचा कणा धरून असतो. पकडीच्या पट्ट्या नव्या करून घ्या. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास अशा पट्ट्या करून देणारे वेल्डर आहेत. पेटी थेट लोखंडावर आवळायची नाही. खाली-वर रबर द्यायचे. रस्त्यातल्या खड्ड्यांत चॅसिस पिळते. पेटी घट्ट आवळलेली असेल तर ती पिळवटून झाळ सुटते.

पंखा आणि जाळी यांत निदान एक इंच अंतर हवे. इंजिन रबरावर बसलेले असते. ब्रेक मारला, झटका बसला की ते पुढे डुलते. अंतर कमी पडले तर पंख्याची पाती जाळी फाडून टाकतात. पंख्याभोवती पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे कडे असते. ते फेकून देऊ नका. त्या कड्यामुळे पंखा सगळ्या जाळीतून हवा ओढतो. कडे नसेल तर तो आजूबाजूचीच गरम हवा घुसळत बसतो. नव्या मापाचे कडे करून घ्या. पात्यांची साधारण अर्धी रुंदी कड्याच्या आत आणि अर्धी बाहेर असावी. विजेवर चालणारा पंखा लावला असेल तर जाळीवर कागदाचा कपटा धरून पाहा. जाळीच्या मागे बसवलेला पंखा कागद जाळीकडे ओढतो. कागद उडाला तर तारा उलट्या जोडल्या आहेत.

रबरी नळ्यांचे तोंड इंजिनाच्या तोंडाएवढेच हवे. लहान तोंडाला मोठी नळी लावून वर सायकलची ट्यूब गुंडाळणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. खालच्या नळीकडे विशेष लक्ष द्या. पंप तिच्यातून पाणी ओढतो. नळी मऊ असेल तर वेगात ती आत चिकटते आणि पाणी बंद होते. गाडी उभी असताना मात्र ती ठीकच दिसते. म्हणून जाड, ताठ नळी घ्या, किंवा आत तारेची स्प्रिंग असलेली घ्या.

पेटीचा माथा इंजिनाच्या हेडपेक्षा खाली राहिला तर हेडात हवा अडकते. जिथे हवा तिथे पाणी नाही, आणि जिथे पाणी नाही तिथे धातू भाजतो. अशा वेळी पाण्याची एक छोटी टाकी सर्वांत उंच जागी बसवावी आणि भरण्याचे झाकण तिथे ठेवावे.

झाकणाविषयी दोन शब्द. रेडिएटरचे झाकण आणि घरातला प्रेशर कुकर हे सख्खे भाऊ. दाब वाढला की पाणी उशिरा उकळते. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. ०.९ चे झाकण असेल तर सुमारे ११८ अंशांपर्यंत थांबते. म्हणून झाकण ढिले असले तर चांगला रेडिएटरही उकळतो. पण ठरल्यापेक्षा जास्त दाबाचे झाकणही लावू नका. नळ्या फुटतील.

थर्मोस्टॅट नावाचा एक छोटा दरवाजा इंजिनात असतो. इंजिन थंड असताना तो बंद असतो. पाणी ८० अंशांच्या आसपास तापले की उघडतो. “काढून टाका, गाडी थंड राहील,” असा सल्ला तुम्हांला दहा जण देतील. ऐकू नका. थंड इंजिन डिझेल जास्त खाते आणि लवकर झिजते. काही इंजिनांत तर तो काढल्यावर गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते आणि इंजिन उलट जास्तच तापते.

मीटर आणि सेन्सर जोडीचेच हवेत. माळशेजची गोष्ट आठवा.

पाणी कोणते घालावे? बोअरचे तर नकोच. त्यात क्षार असतात. घरात हंड्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, तोच थर बारीक नळ्यांत बसतो आणि वर्षभरात त्या बुजतात. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मे निम्मे घालावे. तयार मिसळलेले कूलंट मिळते, त्यात पाणी मिसळायचे नसते. डब्यावर तसे लिहिलेले असते, ते वाचावे. कूलंटने गंज लागत नाही. पण निम्म्याहून जास्तही घालू नये. उष्णता वाहून नेण्यात साधे पाणीच श्रेष्ठ आहे.

भरताना सावकाश भरावे. झाकण उघडे ठेवून थंड इंजिन सुरू करावे आणि चालू द्यावे. थर्मोस्टॅट उघडला की बुडबुडे येतील आणि पातळी खाली जाईल. तेवढे पुन्हा भरून झाकण लावावे. मग पहिल्या दिवशी रिकामी गाडी बदलापूर ते वांगणी अशी फिरवून आणावी. दुसऱ्या दिवशी अर्धा माल भरावा. घाटाचे भाडे पहिल्या आठवड्यात घेऊच नये, मग गिऱ्हाईक कितीही चांगले पैसे देवो.

आणि एवढे करून वाटेत गाडी उकळलीच तर? गाडी कडेला घ्या. पाणी गळून गेले असेल तर इंजिन लगेच बंद करा. झाकणाला हात लावू नका. फडके घेऊनही नाही. आतले पाणी शंभराच्या वर असते. झाकण सुटताच ते कारंज्यासारखे तोंडावर उडते. डोळे जातात. निदान अर्धा तास थांबा. वरची नळी हाताला सोसवेल इतकी निवली की मगच उघडा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेडला चीर जाते. कोणी भाजलेच तर त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. शाई, टूथपेस्ट, तूप लावू नका. दवाखान्यात न्या.

शेवटी एक गोष्ट घरातल्यांसाठी. जुने कूलंट काढाल तेव्हा ते अंगणात किंवा ओढ्यात ओतू नका. त्याची चव गोड असते, आणि ते विषारी असते. कुत्री चाटतात, वासरू तोंड लावते, लहान मूल रंगीत पाणी म्हणून पिते, आणि जीव जातो. जुना डबा घ्या, त्यात ते भरा, बूच घट्ट लावा आणि डबा उंच फळीवर ठेवा. जिथून सुटे भाग घेतले त्या गॅरेजवाल्याकडे तो परत द्या. तोवर डब्यावर खडूने नव्हे, रंगाने आणि आपल्याच हाताने ‘विष’ असे लिहा. दोनच अक्षरे आहेत.